सुदर्शनरावांनी वाय दाबलं

कसबा पेठेतल्या धडफळे अभ्यासिकेत बेचाळीस मुलं बसतात आणि तरी पंख्याचा आवाज ऐकू येतो. ही जाहिरात नव्हे, वस्तुस्थिती आहे. पंखा बंद केला तर पानं उलटल्याचा आवाज येतो. सुदर्शनराव धडफळ्यांना या शांततेचा इतका अभिमान, की एखाद्या मुलाला शिंक आली तर तो आधी त्यांच्या केबिनकडे बघतो आणि मग जिन्यात जाऊन शिंकतो.

या शांततेचं निम्मं श्रेय सुदर्शनरावांच्या भुवयांना होतं आणि निम्मं कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरला. हा कॉम्प्युटर त्यांच्या पुतण्याने, विक्रमने, सहा वर्षांपूर्वी जर्मनीला जाण्याआधी बसवून दिला होता. त्याची कामं दोन. अभ्यासिकेत कुठलंही यंत्र सुरू झालं की त्याला एक नंबर द्यायचा, कारण नंबर नसलेल्याला इंटरनेट दारात उभं करत नाही. आणि त्या यंत्राने एखाद्या साइटचं नाव विचारलं, की ती साइट कुठल्या नंबरवर राहते ते सांगायचं. या दुसऱ्या कामात विक्रमने एक मेख मारून ठेवली होती. सिनेमा, रील्स, क्रिकेट असलं काही कोणी विचारलं, की कॉम्प्युटर खरा नंबर सांगतच नसे. तो विचारणाऱ्याला सुदर्शनरावांनी स्वतः लिहिलेल्या एका पानाकडे धाडत असे. पानावर एकच वाक्य होतं: “हे पाहण्यासाठी आई-वडिलांनी तुम्हाला येथे पाठवलेले नाही.” खाली सुदर्शनरावांची सही, तीही स्कॅन करून.

या एका वाक्याच्या जोरावर फलटण, करमाळा, बार्शीपर्यंतचे आई-वडील डोळे मिटून मुलं पाठवत. मोबाइल दारातल्या कप्प्यांत ठेवायचे आणि आत यायचं, हा नियम. बाकी जे काय बघायचं ते आतल्या सहा कॉम्प्युटरवर किंवा आपापल्या लॅपटॉपवर, सुदर्शनरावांच्या सहीच्या पलीकडे न जाता.

सोमवारी सुदर्शनराव त्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला गेले. खरं म्हणजे एवढंच करून परत यायचं. पण पुसताना पडदा उजळला आणि त्यावर इंग्रजीत एक सूचना दिसली: या सॉफ्टवेअरच्या या आवृत्तीचा सपोर्ट संपला आहे, कृपया अपग्रेड करा. सूचना दिसली की ती पाळायची, हा सुदर्शनरावांचा जन्मजात दोष. पालिकेच्या नकाशा विभागात त्यांनी तेहेतीस वर्षं काढली होती आणि तिथे सूचना लिहिणारा माणूस सुट्टीवर गेला तरी सूचना पाळणारे कामावर असत.

“सपोर्ट संपला म्हंजी पडंल की ते,” रंगराव म्हणाले.

रंगराव पोकळे धायरीचे. शेतीच्या जागी इमारत उभी राहिली, इमारतीत भाडेकरू राहिले आणि रंगरावांना दिवसभर करायला काही राहिलं नाही. त्यामुळे ते रोज सकाळी नातवाला, पियुषला, स्कूटरवरून अभ्यासिकेत सोडत आणि संध्याकाळी न्यायला यावं लागू नये म्हणून तिथेच सुदर्शनरावांच्या केबिनमध्ये बसून राहत. कुठल्याही तांत्रिक विषयात त्यांचा शब्द अखेरचा असे. “माझ्या बिल्डिंगीत सोळा भाडेकरू आयटीतले हायेत,” हे ते अशा सुरात सांगत, की सोळाही जणांचं शिक्षण त्यांनी स्वतः घेतलंय असं वाटावं. त्यांनी तिसऱ्या मजल्याला फोन लावला. तिसरा मजला म्हणाला, अपग्रेड करायलाच हवं, जुन्या आवृत्तीत चोर शिरतात.

सुदर्शनराव खाली नासिरभाईंना विचारायला गेले. अभ्यासिकेच्या बरोबर खाली नासिरभाईंचं मिक्सर आणि मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान आहे. दोघांची चाळीस वर्षांची ओळख, आणि नासिरभाईंची मुलगी तरन्नुम वरच अभ्यासाला बसते. नासिरभाईंनी तारेचा गुंडाळा बाजूला ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चालतोय ना?”

“चालतोय.”

“मग हात लावू नका, सुदर्शनराव. माझ्याकडे जेवढी मशिनं येतात त्यातली निम्मी बिघडलेली नसतात. घरी कुणीतरी उघडून बघितलेली असतात.”

शकूताईंचं मत वेगळंच होतं. त्या पालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होत्या, निवृत्त झाल्यावर अभ्यासिकेतले प्रवेश आणि हजेरी बघत. त्यांचं म्हणणं, विक्रमला फोन करून विचारा. हे मात्र सुदर्शनरावांना लागलं. विक्रम जाताना सांगून गेला होता, “काका, याला तुम्ही काही करू नका, मला सांगा.” सहा वर्षं ते वाक्य त्यांच्या मनात काट्यासारखं होतं. ज्या माणसाने अख्ख्या शहराचे नकाशे हाताने काढले, त्याने एका खोलीतल्या नंबरांसाठी जर्मनीला फोन करायचा?

मंगळवारी सकाळी साडेनऊला त्यांनी अपग्रेड सुरू केलं. सुरुवात फार छान झाली. पडद्यावर पांढऱ्या ओळी धो धो वाहू लागल्या. त्यातलं सुदर्शनरावांना काही कळत नव्हतं, पण काम होतंय एवढं दिसत होतं, आणि सरकारी नोकरीत त्यांनी याहून कमी दिसत असताना समाधान मानलं होतं. रंगराव शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मग ओळी थांबल्या आणि कॉम्प्युटरने एक प्रश्न विचारला. सेटिंगची जी फाइल आहे तिच्यात इथल्या कुणीतरी बदल केलेले दिसतात, नव्या आवृत्तीबरोबर नवी फाइल आली आहे, काय करू? नवी बसवायची तर वाय दाबा. जुनी ठेवायची तर एन दाबा. फरक बघायचा तर डी. खाली झेड दाबल्यावर काय होईल तेही लिहिलं होतं, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर सुदर्शनरावांना पहिल्या ओळीचा अर्थ लागेनासा झाला होता.

त्यांनी तो प्रश्न तीनदा वाचला. एन म्हणजे नाही. आपण एवढं नवं आणायला बसलो आणि तोंडावर नाही म्हणायचं, हे त्यांना असभ्य वाटलं. शिवाय “इथल्या कुणीतरी बदल केलेले दिसतात” या वाक्यात एक चौकशीचा वास होता. रंगराव म्हणाले, नवीन आणायचं आन् जुनंच ठिवायचं तर मग आणलं कशाला. हा मुद्दा बिनतोड होता. सुदर्शनरावांनी वाय दाबलं.

नवी फाइल कोरी होती. अगदी पूर्ण कोरी नव्हे; तिच्यात काय काय करता येईल याची लांबलचक यादी होती, पण करायचं काहीच नव्हतं. पाच मिनिटांत सगळीकडून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कुणालाच नंबर मिळत नव्हता. बेचाळीस मुलं आणि सहा कॉम्प्युटर दारात उभे होते आणि दार उघडणारा माणूस नव्या नोकरीत रुजू झाल्यासारखा स्वस्थ बसला होता.

“नेट गेलंय,” जवळ येऊन पियुष म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख असायला हवं होतं.

सुदर्शनरावांनी केबिनमध्ये जाऊन इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. कंपनीचं नाव शीघ्र ब्रॉडबँड. बावीस मिनिटं सनई ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला. तिने विचारलं, तुमचा अ‍ॅड्रेस सांगा. सुदर्शनरावांनी घर नंबर, गल्ली, जवळची खूण आणि पिन कोड सांगितला. ती म्हणाली, तो नको सर, नेटवर्कचा अ‍ॅड्रेस. सुदर्शनराव म्हणाले, तोच तर मिळत नाहीये, म्हणून फोन केलाय. मग तिने ग्राहकाचा पत्ता विचारला. सुदर्शनराव आता सावध झाले होते, त्यांनी सांगितलं की नेटवर्कचा अ‍ॅड्रेस नाहीये. ती म्हणाली, आता घरचा विचारतेय. तेहेतीस वर्षं पत्ते सांगून आणि नकाशावर दाखवून ज्याचं पोट भरलं, त्याला स्वतःचा पत्ता सांगता येईना.

शेवटी मुलगी म्हणाली, तुमच्या कॉम्प्युटरला नंबर वाटू दे नाहीतर नको, आमचा जो बॉक्स भिंतीवर आहे तोही नंबर वाटू शकतो. मी इथूनच चालू करून देते. आणि नावं कुणाला विचारायची, सर, तुमच्या सर्व्हरला की आमच्या? सुदर्शनरावांना हा प्रश्न एखाद्या लग्नाच्या बैठकीतल्यासारखा वाटला. त्यांनी नम्रपणे सांगितलं, “तुमच्याच.”

साडेअकराला नेट आलं. सुदर्शनराव खुर्चीत मागे टेकले. रंगरावांनी दोन चहा सांगितले. चहा यायच्या आत अभ्यासिकेत असं काही घडलं, जे सहा वर्षांत घडलं नव्हतं. कुणीतरी हसलं.

एकच हसलं असतं तर सुदर्शनरावांनी भुवईवर निभावलं असतं. पण आधी एक, मग चार, मग भिंतीकडची सबंध रांग. सुदर्शनराव बाहेर आले. राज्यघटना उघडी टाकून सहाजण एका लॅपटॉपभोवती उभे होते आणि पडद्यावर एक बोकड ढोलाच्या तालावर नाचत होता. कंपनीच्या सर्व्हरला कुठलंच नाव अडवायचं कारण नव्हतं. जे विचाराल त्याचा नंबर तो देत होता. सुदर्शनरावांची सही कुठेच दिसत नव्हती. शकूताई हजेरीच्या टेबलावरून म्हणाल्या, “अहो, फार छान अपग्रेड झालंय. मुलं किती रमलीत.”

त्या सगळ्या गोंधळात एकजणच काम करत होती. तरन्नुम चार नंबरच्या कॉम्प्युटरवर भरतीचा अर्ज भरत होती. जिल्ह्यात लेखनिकाच्या अकरा जागा निघाल्या होत्या, चार वर्षांनी पहिल्यांदा. शेवटची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाच. तिने हे शेवटच्या दिवसावर ठेवलं नव्हतं. एका दाखल्यावरचं तिचं आडनाव चुकीचं छापलं होतं आणि दुरुस्त दाखला सोमवारी हातात पडला होता. सुदर्शनरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोक्यात तो बोकड नाचत होता.

रंगरावांनी दुसऱ्या मजल्याला फोन लावला. दुसऱ्या मजल्यावर शेफाली राहत होती, आणि ती या विषयात खरोखर जाणती होती, हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं. तिने नीट सांगितलं. नंबर बॉक्सला वाटू द्या, नावं मात्र तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला सांगू द्या. त्याच्या फाइलीत अमुक एक ओळ लिहा. ओळीत जिथे # हे जाळीचं चिन्ह आहे तिथे जी साइट अडवायची तिचं नाव घाला. अडचण एवढीच, की शेफाली रंगरावांच्या कानात बोलत होती आणि रंगराव सुदर्शनरावांना सांगत होते.

“ती म्हणती तिथं जाळी घाला,” रंगराव म्हणाले.

“नाव कुठे घालायचं?”

“नाव कशाला? जाळी घातली की अडणारच ना.”

हाही मुद्दा बिनतोड होता. रंगरावांच्या मुद्द्यांची हीच तर खोड. सुदर्शनरावांनी जाळी तशीच ठेवून ओळ पुरी केली, पुन्हा शीघ्र ब्रॉडबँडला फोन लावला, पुन्हा सनई ऐकली आणि सांगितलं की नावांच्या बाबतीत आमचा विचार बदलला आहे, नावं आता आमच्याच सर्व्हरला विचारा. पलीकडे दुसरा मुलगा होता. त्याने एका मिनिटात करून दिलं.

जाळीच्या चिन्हाचा त्या फाइलीतला अर्थ “कुठलंही नाव” असा होतो. ही माहिती सुदर्शनरावांना फार उशिरा मिळाली. त्यांनी त्या कॉम्प्युटरला सांगितलं होतं, की कुणी कुठलंही नाव विचारो, त्याला माझ्या पानावर पाठव. आणि कॉम्प्युटरने ते सुदर्शनरावांच्याच निष्ठेने पाळलं. एका मुलाने वर्तमानपत्र उघडलं. समोर सुदर्शनरावांची सही. दुसऱ्याने शब्दकोश उघडला, सही. एकीने विद्यापीठाचा निकाल उघडला आणि वाचलं, की हे पाहण्यासाठी आई-वडिलांनी तिला इथे पाठवलेलं नाही.

दीड वाजता तरन्नुम केबिनच्या दारात आली. तिचा चेहरा बघून सुदर्शनराव उठून उभे राहिले.

“काका, मी भरतीचा अर्ज भरत होते. पाचव्या पानावर होते. पुढे गेले तर तुमचं पान आलं.”

ती फोन घेऊन बाहेर जाऊन आली होती. बाहेरून साइट उघडत होती, पण आत घेत नव्हती. म्हणत होती, तुम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आधीच आत आहात, तिथून बाहेर पडा आणि मग या. मदतीचा नंबर लागत नव्हता, शेवटच्या दिवशी तो कुणाचाच लागत नाही. म्हणजे बाहेर पडायचं तर चार नंबरच्या कॉम्प्युटरवरून, आणि चार नंबरच्या कॉम्प्युटरला जगात एकच पान माहीत होतं.

आतापर्यंत सुदर्शनराव गोंधळलेले होते आणि थोडे दुखावलेले होते. आता त्यांना भीती वाटली. त्यांनी तिसऱ्यांदा फोन केला. सनईनंतर त्यांना सांगण्यात आलं, की एका दिवसात फोनवरून दोनच बदल करता येतात. तिसऱ्यासाठी ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याने स्वतः, पत्त्याच्या पुराव्यासह, शाखेत यावं. जोडणी विक्रमच्या नावावर होती आणि विक्रम जर्मनीत होता.

शाखा मंडईजवळ. सुदर्शनराव उन्हात चालत निघाले, काखेत विजेचं बिल, आधार कार्ड, घरपट्टीची पावती आणि विक्रमचा लहानपणचा शाळा सोडल्याचा दाखला. तो कशासाठी, हे त्यांना विचारू नये. माणूस घाबरला की कपाटातला जो कागद हाती येईल तो घेतो. शाखेत काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी बिल पाहिलं. बिलावर सुदर्शनरावांच्या वडिलांचं नाव होतं आणि घर नंबर जुना होता. आधारवर घर नंबर नवा होता, पण गल्लीचं नाव अर्धंच छापलेलं. घरपट्टीवर तिसराच क्रमांक होता, आणि हा क्रमांक ज्या नकाशावरून आला तो नकाशा, काळाचा महिमा, सुदर्शनरावांनीच काढलेला होता.

“यातला नक्की कुठला पत्ता तुमचा?” बाईंनी विचारलं.

सुदर्शनरावांनी सगळं सांगितलं. मुलगी, अर्ज, पाच वाजता मुदत, बोकड, जाळी. बाईंनी लिहिणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुम्हाला बॉक्सचं सेटिंग बदलायचंय ना फक्त?”

“हो.”

“मग इथे कशाला आलात? पासवर्ड बॉक्सच्या बुडाला चिकटवलेला असतो. स्वतःच बदला.” आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

सुदर्शनराव परत आले तेव्हा पावणेचार वाजले होते आणि नासिरभाई वर आले होते. हाताला ग्रीस तसंच. ते तरन्नुमच्या खुर्चीमागे उभे होते. सोमवारी ते जे बोलले होते ते पुन्हा बोलायला त्यांना पूर्ण हक्क होता. ते बोलले असते तर सुदर्शनरावांना बरं वाटलं असतं. पण ते नुसतं म्हणाले, “बसा जरा. ऊन लागलंय तुम्हाला. पाणी घ्या.”

सुदर्शनराव बसले नाहीत. त्यांनी विक्रमला फोन लावला.

हा फोन लावायला त्यांना सहा वर्षं आणि सहा तास लागले होते. लागल्यावर मात्र त्यांनी लपवाछपवी केली नाही. बेचाळीस मुलांसमोर, स्पीकर चालू करून, त्यांनी स्पष्ट सांगितलं, “विक्रम, मी तुझा सर्व्हर अपग्रेड केला आणि सगळं घालवलं. नासिरभाईंच्या तरन्नुमचा अर्ज अडकलाय. पाचला मुदत आहे.”

विक्रम जेवत होता. क्षणभर घास गिळल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, “त्याने काही विचारलं होतं का? जुनी फाइल ठेवायची की नवी घ्यायची?”

“विचारलं होतं.”

“तुम्ही काय दाबलंत?”

“वाय.”

“का?”

“तो विचारत होता म्हणून,” ते म्हणाले.

विक्रम हसला नाही, ही त्याची चांगली बाजू. तो म्हणाला, काही बिघडलेलं नाही. हे सॉफ्टवेअर जुनी फाइल टाकून देत नाही. तिच्या नावापुढे “जुनी” अशी शेपटी लावून शेजारीच ठेवतं. तिचं नाव बदलून परत जागेवर आणायची, बॉक्सला नंबर वाटायचं बंद करायला सांगायचं, आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. तिथे टाइप कोण करतंय? काका, तुम्ही करू नका.

एरवी या वाक्याने सुदर्शनराव दुखावले असते. आज ते लगबगीने खुर्चीपासून बाजूला झाले. तरन्नुम बसली. सुदर्शनरावांनी फोन धरला. पियुषने भिंतीवरचा बॉक्स उलटा करून पासवर्ड वाचून दाखवला, आणि लिहून ठेवण्याजोगी गोष्ट ही, की पहिल्याच वेळी बरोबर वाचला. बाकीची मुलं टेबलाभोवती गोळा झाली होती. फाइल सापडली. विक्रम म्हणाला, उघडून बघ आणि ओळी मला वाचून दाखव, म्हणजे खात्री होईल की हीच ती.

तरन्नुम वाचू लागली. आधी नंबरांच्या ओळी. मग अडवलेल्या साइटची यादी, जी ऐकताना मुलं एकमेकांकडे बघत होती, कारण त्यातल्या काही त्यांना माहीत नव्हत्या. मग ती एका ओळीवर थांबली.

“इथे एका कॉम्प्युटरला सगळ्यातून सूट दिलीय,” ती म्हणाली. “केबिनमधल्या. ही काढू का?”

“नको नको,” विक्रमचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. “ती काकांच्या हत्तींची ओळ आहे. ती काढलीस तर त्यांना दुपारचे हत्ती दिसायचे नाहीत.”

पंख्याचा आवाज ऐकू आला.

बेचाळीस मुलांनी सुदर्शनरावांकडे पाहिलं. रंगरावांनी पाहिलं. शकूताईंनी हजेरीचं रजिस्टर मिटून पाहिलं. दुपारी दोन ते अडीच केबिनचं दार लावून सुदर्शनराव “पत्रव्यवहार” करतात, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळी दारावर टकटक करायची नाही असाही नियम होता. सुदर्शनरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना काहीतरी भारदस्त बोलावंसं वाटलं, पण भारदस्त माणसाच्या हातात त्या क्षणी पुतण्याचा फोन असायला नको होता.

“ओळ राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “आता लवकर कर, बाळ. सव्वाचार झाले.”

तरन्नुमने फाइल जागेवर आणली, बॉक्सला गप्प केलं आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. एक मिनिट काहीच झालं नाही. त्या मिनिटात नासिरभाईंनी डोळे मिटले होते आणि सुदर्शनरावांनी फोन इतका घट्ट धरला होता, की विक्रमचा आवाज बंद झाला. मग चार नंबरच्या कॉम्प्युटरला नंबर मिळाला. भरतीच्या साइटचं नाव विचारल्यावर सर्व्हरने तिचा खरा पत्ता सांगितला. अर्ज पाचव्या पानावर, जिथे सोडला होता तिथेच उभा होता.

तिने उरलेली पानं भरली. फोटोचा आकार एकदा नाकारला गेला, सहीचा दोनदा. प्रत्येक नकाराला मागे उभी असलेली मुलं एकदम श्वास घेत. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी अर्ज गेला. प्रिंटरमधून पावती बाहेर आली ती नासिरभाईंनी घेतली, तिच्यावर ग्रीसचं बोट उमटलं, आणि त्यांनी ती नीट घडी करून वरच्या खिशात ठेवली. मग जाताना ते सुदर्शनरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हत्ती चांगला प्राणी आहे.”

त्यात उपरोध होता की नाही, हे सुदर्शनरावांना ठरवता आलं नाही. त्या दिवशी त्यांना फारसं काहीच ठरवता येत नव्हतं.

साडेपाचपर्यंत खोली पूर्ववत शांत झाली. रंगराव पियुषला घेऊन निघाले. जाताना म्हणाले, पहिल्या मजल्यावर एक नवा भाडेकरू आलाय, तोही आयटीतला हाय, कधी लागलं तर सांगा. सुदर्शनरावांनी हात जोडले.

केबिनमध्ये ते एकटेच बसले होते. दुपार तशीच गेली होती. थोड्या वेळाने शकूताई आत आल्या आणि दार लावून घेतलं.

“कुठले हत्ती?” त्यांनी विचारलं.

सुदर्शनरावांनी खोटं बोलायचा विचार केला, पण त्यालाही अंगात बळ लागतं. त्यांनी सांगितलं. एक जागा आहे, आई नसलेली पिल्लं आणि म्हातारे हत्ती तिथे सांभाळतात. रोज दुपारी त्यांना नदीवर नेतात, त्याचा व्हिडिओ टाकतात. विशेष काही होत नाही. आंघोळ करतात.

“चार वर्षं मी दारावर टकटक करत नाही,” शकूताई म्हणाल्या, “आणि तुम्ही आत हत्तींच्या आंघोळी बघताय.”

शकूताईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी आणून ठेवली.

“सरका थोडे. लावा बघू.”

सुदर्शनरावांनी लावलं. नदी आली, मागे झाडं, आणि एकामागून एक हत्ती पाण्यात उतरले. सुदर्शनरावांचा आवाज हळूहळू परत आला. हा लंगडतो, पण आता पुष्कळ बरा आहे. हे पिल्लू नवं. हा बेटा दुसऱ्याचं केळं पळवतो. शकूताई बघत राहिल्या. एका वेळी सगळे हत्ती बाहेर आले, पण एक जाडजूड हत्तीण पाण्यातच बसून राहिली. माहूत विनवत होता, केळी दाखवत होता, दुसरा माहूत मागून ढकलत होता. ती ढिम्म हलेना. उलट तिने सोंड उचलून दोघांना भिजवलं. शकूताई हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“कसली खमकी आहे हो,” त्या म्हणाल्या. “हिचं नाव काय?”

व्हिडिओवाले कुठल्याच हत्तीचं नाव सांगत नसत. त्यामुळे सगळी नावं सुदर्शनरावांनीच ठेवली होती, आणि कुणाच्याही सांगण्यावरून पाण्यातून बाहेर न येणाऱ्या या हत्तिणीचं नाव गेली चार वर्षं शकू होतं.

“माहीत नाही,” सुदर्शनराव म्हणाले.